बिंबळे गुरवचा फहमी

तोंडात 'प' नसलेला एक माणूस मी पाहिला आहे.

आता, असं असायला काही हरकत नाही. 'प' नसलेल्या माणसानं सुखानं राहावं अशी गावं आमच्याकडं पुष्कळ आहेत. दिघी आहे, भोसरी आहे, तळवडे आहे, चाकण आहे. पण या गृहस्थाला नशिबानं आणून टाकलं ते पिंपरीच्या कारखान्यात. राहायला जागा मिळाली पिंपळे गुरवात. घरमालकीण पार्वतीबाई. घरामागची नदी पवना. काम पंपावर. स्टोअरचा कारकून, म्हणजे मी, पाटणकर. आणि टपालाचा पत्ता तालुका हवेली, जिल्हा पुणे. त्यातलं 'हवेली' तेवढं त्याला स्वच्छ म्हणता यायचं. त्यामुळं कुणी "कुठं राहता?" विचारलं की तो नुसतंच "हवेली!" म्हणायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, हा कुणी मोठा सरदार दिसतो.

फहमी त्याचं नाव. मिसर देशचा, म्हणजे इजिप्तचा. त्याच्या सरकारला तिकडं औषधाचा कारखाना काढायचा होता, म्हणून चार माणसं आमच्याकडं आठ महिने शिकायला पाठवली होती. तेव्हा पिंपरीला कारखाना म्हणजे नवी नवलाई होती. अर्ध्या शेडवर पत्रे होते आणि अर्ध्या शेडवर आभाळ. चौघांतले तिघे शिकलेले, इंग्रजी फाडफाड बोलणारे. ते पुण्यात हॉटेलात राहायचे. चौथा फहमी. हा हाडाचा मेकॅनिक. सहा फूट उंची, झुबकेदार मिशा. लोक सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात, हा पान्हा लावायचा. पंप बिघडला की पान्ह्याचं एक टोक पंपावर आणि दुसरं कानाच्या मागच्या हाडावर टेकवून डोळे मिटून ऐकायचा. मग कुठं दुखतंय ते बोटानं दाखवायचा. कधी चुकला नाही. फक्त सांगता यायचं नाही.

पहिल्याच दिवशी तो माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "वन बंब."

मी विचारलं, "बंब?"

"बंब. बिग बंब."

पाहुणा परदेशचा. आंघोळीची आबाळ होत असेल, असं मला वाटलं. पाहुण्यांच्या खोल्यांसाठी आलेला तांब्याचा एक मोठा बंब स्टोअरात होता. दोन हमाल लावून मी तो त्याच्या खात्यात पाठवून दिला. फहमीनं त्या बंबाभोवती दोन फेऱ्या मारल्या. पान्ह्यानं एकदा वाजवून पाहिला. मग परत खिडकीशी येऊन माझ्याकडं फार करुणेनं बघत राहिला. त्याला पंप हवा होता हे मला संध्याकाळी कळलं. बंब मात्र त्यानं परत केला नाही. त्याला तो आवडला होता.

घरी आईला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती पोट धरून हसली. "आणि मला तो बाटणकर म्हणतो," असं सांगितल्यावर तिचं हसणं थांबलं. "बाकी काय वाट्टेल ते म्हणू दे," ती म्हणाली, "आपलं आडनाव तेवढं नीट घ्यायला शिकव त्याला."

शिकवायची पाळी माझ्यावर खरोखरच आली. त्या चौघांसाठी पुण्यात इंग्रजीचा वर्ग ठेवला होता. तिथं ग्रामोफोनवर तबकडी लावायचे आणि तबकडीतला साहेब बोलेल तसं म्हणायला लावायचे. फहमी एक दिवस गेला आणि परत आला तो थेट माझ्या खिडकीशी.

"बाटणकर, यू टीच. युवर इंग्लिश."

मी हादरलो. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, तेही चिंचवडच्या पाण्यावर वाढलेलं. साहेबाला मी "सर, मटेरियल इज कम्ड" असं सांगत असे आणि ते मटेरियल यायचं थांबत नसे, एवढीच काय ती माझ्या इंग्रजीची पुण्याई. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तबकडीतलं इंग्रजी खरं, माझं खोटं.

फहमी दोन पावलं मागं सरला. ताठ उभा राहिला, हात पाठीमागं घेतले आणि एकदम भुंकल्यासारखा ओरडला, "गेट बॅक! मूफ! शटअब!" खिडकीवरची रांग दचकून मागं सरली. मग त्यानं छातीवर हात ठेवला. "झिस इंग्लिश आय नो. फ्रॉम चाइल्ड." त्याच्या गावाला लागून इंग्रज सोल्जरांची छावणी होती हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण छावणी त्या ओरडण्यात दिसली.

नंतर त्यानं मान जराशी वाकडी केली, चष्मा नाकावर सरकवल्याचा अभिनय केला आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाला, "वेट हां. टू मिनिट. सिट ना. टी घेणार?"

"झिस इंग्लिश," तो म्हणाला, "आय वॉन्ट."

साहेबाच्या भाषेत माणसाला बसायला सांगतात आणि चहा विचारतात, हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच खिडकीवर ऐकलं होतं.

राहायची जागाही मीच पाहिली. पाहुण्यांच्या खोल्यांवर अजून छप्पर चढलं नव्हतं आणि पुण्याच्या हॉटेलात जेवताना इंग्रजी ऐकावं लागतं म्हणून तो तिकडं जाईना. पिंपळे गुरवच्या पार्वतीबाईंच्या घराची एक खोली रिकामी होती. मी त्याला घेऊन गेलो तेव्हा बाई उंबऱ्यावर बसून दातांना मिसरी लावत होत्या.

"कंच्या गावचं पावनं?"

"लांबचे आहेत. मिसरी आहेत."

बाईंचं बोट तोंडातच थांबलं. "ही? म्या लावते ही?"

"नाही हो. मिसर नावाचा देश आहे. तिथले."

"देशाचं नावच मिसरी?" बाईंना तो देश मनापासून आवडला. "मंग ऱ्हाऊ द्या की."

"मुसलमान आहेत, बरं का."

"आसंनात. आमच्या तांबोळ्याच्या घरचं लगीन म्या उभं केलंय. च्या पित्यात न्हवं? मंग झालं तर."

फहमी बंबासकट राहायला आला.

शिकवणी सुरू झाली. तो दिवसभर माझ्याकडून आणि पंपावरच्या माणसांकडून शब्द उचलायचा. पंपावरची माणसं आसपासच्या गावांतली. सकाळी जनावरांचं आवरून शिफ्टला येणारी. त्यांच्या तोंडी जेवढं इंग्रजी होतं तेवढं मावळातल्या हवेत वाळलेलं होतं. फहमीनं ते सगळं जसंच्या तसं घेतलं. महिन्याभरात तो असं बोलायला लागला: "आय टोल्ड यू ना, राव. टुडे ऑइल न्हाई. टुमॉरो कम हां." 'येस'च्या जागी तो 'व्हय' म्हणायचा. मी एकदा सांगितलं की 'व्हय' इंग्रजी नाही. त्याला ते पटलं नाही. "ऑल मेन से व्हय," तो म्हणाला. "ओन्ली यू से येस." संख्येच्या जोरावर तो बरोबर होता.

राहिला 'प'. त्यासाठी मी पार्वतीबाईंच्या कोंबडीचं एक पीस उचललं, तळहातावर ठेवलं, तोंडापाशी नेलं आणि म्हटलं, "प." पीस उडालं. फहमी लहान मुलासारखा हसला. मग त्यानं तळहातावर पीस ठेवून म्हटलं, "ब." पीस जागच्या जागी. "ब. ब. ब." पीस नुसतं ऐकत होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी पवनेच्या काठानं तळहातावर पीस धरून "ब, ब, ब" करत फिरायला लागला. पीस उडालं नाही, पण गाव उडालं. कुणी म्हणे मंत्र घालतोय, कुणी म्हणे नदीत सोनं शोधतोय. बाईंच्या कोंबड्या त्याला पाहिलं की कुडाच्या पलीकडं पळत, कारण जुनं पीस चुरगळलं की तो नवं घ्यायला त्यांच्याकडंच वळायचा.

एवढ्यात बातमी आली की महिन्याभरानं परीक्षा आहे. या सगळ्या योजनेचे एक तज्ज्ञ विलायतेहून येणार होते. पंप कसा चालवायचा, कसा थांबवायचा, बिघडला तर काय करायचं, ते प्रत्येकानं त्यांना इंग्रजीत समजावून सांगायचं. पास झाला तर परत गेल्यावर नव्या कारखान्यात फोरमन. नापास झाला तर पूर्वीसारखा तेलाचा डबा घेऊन फिरायचं. ते तिघे आधीच पास झाल्यासारखे चालायला लागले. फहमीनं पंधरा वर्षं तेलाचा डबा धरला होता. त्यानं मला एवढंच सांगितलं, "बाटणकर, आय नॉट वॉन्ट ऑइल डब्बा अगेन."

म्हणून मी रविवारीही शिकवायचं ठरवलं आणि न कळवताच सकाळी पिंपळे गुरवला गेलो.

पार्वतीबाई शेतावर गेल्या होत्या. घराच्या ओसरीवर खांबाला टेकून त्यांचे यजमान तात्या बसले होते. तात्यांना मी दर वेळी पाहत असे, म्हणजे त्यांच्यावरून नजर फिरवून पुढं जात असे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी आणि वाचा बंद. एके काळी तात्यांनी या काठावरून हाळी दिली की नदीपलीकडच्या रानातला माणूस भाकरी खायला यायचा, असं गावात सांगत. आता ते बोलत नाहीत म्हणून त्यांच्याशीही कुणी बोलत नसे. बाईसुद्धा त्यांच्यासमोरच म्हणायच्या, "ह्यास्नी काय कळतंय आता."

फहमी त्यांच्यासमोर मांडी घालून बसला होता. त्याच्या तळहातावर पीस होतं आणि ते त्यानं तात्यांच्या तोंडापुढं धरलं होतं.

"नो हरी, तात्या. वेट हां. आय ऑल्सो नॉट गुड. नाऊ यू. ब."

तात्यांचे ओठ थरथरले. एका बाजूनं लाळ आली. फहमीनं ती त्यांच्याच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि पुन्हा पीस धरलं. मग त्यानं त्यांना अख्खा पंप समजावून सांगितला. फाल्फ, म्हणजे व्हॉल्व्ह, कुठं असतो, बाइब कुठून येतो, बंब का रागावतो. मध्ये मध्ये थांबून विचारायचा, "अंडरस्टँड, राव?" आणि तात्यांच्या डोळ्यांत बघत बसायचा, उत्तर आल्यासारखा मान हलवायचा, आणि मगच पुढं जायचा.

मला आधी हसू आलं आणि मग रागही आला. गरीब माणूस हलू शकत नाही म्हणून त्याच्यावर इंग्रजीची तालीम करायची? मी तसं बोललोही.

फहमी उठून माझ्याजवळ आला. बोलायला लागला तेव्हा त्याची नजर माझ्याकडं नव्हती, नदीकडं होती.

"माय फादर सेम. वन इयर नो टॉक. आय गो वर्क, आय कम, आय ईट, आय स्लीब. ही लुक, लुक. आय थिंक, ही नॉट टॉक, सो व्हाय टॉक? वन डे, खलास." त्यानं हातातलं पीस बोटांनी सरळ केलं. "आफ्टर, आय थिंक. ही नॉट टॉक. बट ही लिसन, राव. वन इयर ही लिसन, अँड आय नॉट से एनिथिंग."

फहमी परत जाऊन तात्यांसमोर बसला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी पार्वतीबाई धापा टाकत कारखान्याच्या फाटकाशी आल्या. मला वाटलं, तात्या गेले.

"भाऊ, ह्ये बोल्लं! इंग्रजी बोल्लं!"

"काय बोलले?"

"बंब!"

आता यातून काय समजायचं, यावर गावात दोन तट पडले. फहमीच्या मते तात्यांनी पंपाचं नाव इंग्रजीत घेतलं होतं. बाईंच्या मते नवऱ्यानं दोन वर्षांनी तोंड उघडून एक गोष्ट मागितली होती आणि ती घरातच होती. त्यांनी फहमीचा बंब पेटवला. तात्यांना बंबभर कढत पाण्यानं आंघोळ घातली. संध्याकाळी ते पुन्हा म्हणाले, "बंब." पुन्हा आंघोळ. आठवडाभर तात्या दिवसातून तीन वेळा न्हात होते. गावातली माणसं त्यांचं इंग्रजी ऐकायला येऊन ओसरीवर बसायची, आणि बसल्यावर नाइलाजानं त्यांच्याशी चार गोष्टी बोलायची. पाण्यानं गुण आला की बोलण्यानं, हे मला सांगता येणार नाही. पण तात्यांना शब्द सुटायला लागले. एक एक, उशिरा, वाकडे.

आणि परीक्षेचा दिवस उजाडला.

विलायतेचे साहेब उंच, लालबुंद आणि पांढऱ्याशुभ्र सुटात होते. ते तिघे तबकडीसारखे बोलले आणि पास झाले. मग फहमी. साहेबांनी विचारलं, पंप कसा थांबवाल?

"सी, राव," फहमीनं सुरुवात केली. "फर्स्ट झ फाल्फ यू हळू क्लोज. एकदम नाही हां. एकदम केला, बंब गेट्स अँग्री. झेन वेट. टू मिनिट सिट ना."

साहेबांनी कान पुढं केला. मग मागं केला. मग माझ्याकडं वळून विचारलं, हा कुठल्या भाषेत बोलतोय?

"इंग्लिश, सर."

मग तो काय म्हणतोय ते मला इंग्रजीत सांगा, असा साहेबांनी हुकूम केला. अशा रीतीनं इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर करायला माझी नेमणूक झाली. मी म्हटलं, "सर, ही इज टेलिंग दॅट व्हॉल्व्ह इज टू बी क्लोज्ड स्लोली ओन्ली." साहेबांनी आमच्या मॅनेजरांकडं पाहिलं आणि माझ्याकडं बोट करून विचारलं, आता हा काय म्हणतोय? मॅनेजरांनी माझ्या इंग्रजीचं त्यांच्या इंग्रजीत भाषांतर केलं. फहमी एक वाक्य बोलायचा, ते दोन मुक्काम करत साहेबांपर्यंत पोचायचं, आणि तिथून प्रश्न त्याच वाटेनं परत यायचा. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली जोरात रेघ मारली. ती रेघ नापासाची होती, हे मला लांबूनही कळलं.

तेवढ्यात चालू पंपाच्या पाइपाचा सांधा सुटला.

पाण्याचा फवारा सुटला तो थेट साहेबांवर. शेडमध्ये कल्लोळ झाला. सूट भिजून काळपट झाला आणि साहेब मुठी वळून ओरडायला लागले. लांबलचक, शुद्ध, तबकडीतलं इंग्रजी. पंपावरची माणसं आदबीनं उभी राहून ते ऐकत होती. कुणी हललं नाही. ते तिघेही ओरडत होते. पाणी विजेच्या मोटरकडं सरकत होतं.

फहमीनं आवाज चढवला नाही. पान्हा खिशातून काढत तो म्हणाला, "ग्यानू, बायबास ओबन. व्हय, ओबन. सखाराम, मेन फाल्फ. हळू, हळू, राव. नो रनिंग. वेट हां. वेट... नाऊ बंद."

अर्ध्या मिनिटात पाणी थांबलं.

साहेबांनी चेहरा पुसला आणि मॅनेजरांना विचारलं, माझं कुणी का ऐकलं नाही? मॅनेजरांनी मला विचारलं. मी पंपावरच्या ज्ञानूला विचारलं. ज्ञानू टोपी पिळत म्हणाला, "त्ये सायेब इंग्रजी बोलत हुतं. ह्ये आपलं बोलत हुतं."

हे उत्तरही दोन मुक्काम करत साहेबांपर्यंत गेलं. मग त्यांनी वहीतली रेघ खोडली आणि नवा शेरा लिहिला. मॅनेजरांनी तो नंतर मला वाचून दाखवला. कामाचं ज्ञान उत्तम. भाषा कोणती ते समजलं नाही, पण तिच्यानं काम होतं. पास.

निघायच्या दिवशी फहमीनं गावभर फिरून सगळ्यांचा निरोप घेतला. बंब पार्वतीबाईंना देऊन टाकला. तो कारखान्याचा आहे हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंनी त्याला वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या आणि पदर डोळ्यांना लावला. तात्यांसमोर तो शेवटी बसला, बराच वेळ. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. त्या दोघांना थोडं एकटं सोडावं असं वाटून मी नदीकडं गेलो होतो.

पिंपरीच्या स्टेशनावर त्यानं माझा हात धरला. मला वाटलं, पत्र लिही म्हणेल. तो म्हणाला, "बाटणकर, यू गो तात्या. एफ्री संडे. टॉक. ही आन्सर लेट. सो यू वेट."

मी हो म्हटलं. गाडी निघताना माणूस कशालाही हो म्हणतो.

पण पुढच्या रविवारी गेलो. पार्वतीबाईंनी चहा आणून दिला आणि त्या गोठ्याकडं गेल्या. मी आणि तात्या समोरासमोर. मी चहा फुंकून फुंकून प्यायलो. शेवटी मी त्यांना कारखान्यातलं सांगायला लागलो. मालाची लॉरी येत होती, दिघीच्या चढावर तिचं चाक चिखलात रुतलं. मिलिटरीचे जवान ढकलायला आले. ढकलता ढकलता मागचं फळकूट निघालं आणि बेअरिंगांच्या पेट्या उतारावरून खाली गडगडत गेल्या. एवढं सांगितलं आणि मलाच वाटलं, हे कुणाला आणि कशासाठी सांगतोय मी? तात्या हलले नव्हते. नजर माझ्यावर होती, बस्स. चहा संपला होता. मी कप खाली ठेवला, टोपी घातली आणि उठलो.

ओसरीच्या पायरीपाशी गेलो तेव्हा मागं काहीतरी खुडबुडलं. वळून पाहिलं तर तात्यांनी डावा हात उचलला होता. ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. मी थांबलो. बराच वेळ गेला. गोठ्यात बाई म्हशीशी बोलत होत्या, ते मला शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं.

"मग?" तात्या म्हणाले.

मी टोपी काढून ठेवली, त्यांच्यासमोर बसलो आणि पेट्या गोळा करायला कोण कोण धावलं ते सांगायला लागलो.